खर्जाची पेटी

आश्विन शुद्ध अष्टमीच्या रात्री कोकणातील चित्तपावन घरांतून, आणि ही घरे जेथे जेथे जाऊन वसली तेथे तेथे, महालक्ष्मीची पूजा मांडली जाते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा घडवून देवी उभी करतात, आणि रात्र चढू लागली की लग्नाला पाच वर्षे न झालेल्या सुवासिनी उदाच्या धुराने शुद्ध केलेली घागर हाती घेऊन तिच्या काठावर फुंकर घालतात. फुंकर नेमक्या कोनात बसली की घागरीच्या पोटातून एक खोल, भरदार हुंकार उमटतो. तो ऐकू येतो तितकाच अंगाला जाणवतोही. फुंकणारीच्या कंठातून तो स्वर निघणे शक्य नाही. तो घागरीचा असतो. लहान घागर वरचा स्वर देते, मोठी खालचा. तोंड अरुंद असेल तर स्वर आणखी उतरतो. कोणत्या घागरीचा ‘घुमारा’ चांगला, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना ती हाती घेताच कळते.

या हुंकारामागील शास्त्र आणि आजच्या मोटारीच्या डिकीत ठेवलेल्या, लाकडी पेटीत बसवलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकामागील शास्त्र एकच आहे. ‘सबवूफर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पेटीला पुढच्या अंगास एक भोक असते आणि भोकाच्या आत एक नळी बसवलेली असते. पुष्कळांना ते भोक शोभेचे किंवा हवा खेळण्यापुरते वाटते. वस्तुतः ती नळी म्हणजे घागरीची मान होय, आणि पेटी म्हणजे घागरीचे पोट.

मराठी मुलखाला ही विद्या नवी नाही, एवढे म्हणण्यास आणखीही आधार आहेत. गोव्यातील घुमट हे वाद्य पाहावे. मातीचे मडके, त्याचे मोठे तोंड कातड्याने मढवलेले आणि दुसरे लहान तोंड मोकळे. वादक एका हाताने कातड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या मोकळ्या तोंडावर कधी दाबतो, कधी सरकवतो. तळवा सरकला की खर्ज उघडतो, दाबला की मिटतो. गणेशचतुर्थीच्या आरत्यांत शामेळ आणि कांसाळे यांच्या जोडीने हे वाद्य वाजते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. कंप पावणारा पडदा, त्यामागे बंदिस्त हवा आणि त्या हवेला बाहेर पडण्यास एक मोजके द्वार, ही तीनही अंगे घुमटात आहेत, आणि मोटारीतल्या पेटीत याहून चौथे अंग नाही.

तंबोऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. पंढरपूरच्या परिसरातील भोपळे आणून मिरजेच्या कारागिरांनी तंबोरे घडवावेत, ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने ही घराणी वाद्यांकडे वळली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तंबोऱ्याचा भोपळा तबलीने बंद केलेला असतो, त्याला घागरीसारखे उघडे तोंड नसते. आजच्या भाषेत बोलायचे तर तंबोरा ही बंद पेटी आणि घुमट ही नळीची पेटी. पुरुष गायकाने काळी एकमध्ये तंबोरा लावला तर त्याच्या खर्जाची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६९ भरते. हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण मोटारीतील पेटीचा प्रांत साधारण येथूनच खाली सुरू होतो.

पाश्चात्त्य जगातही प्रारंभ भांड्यांपासूनच झाला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात नाट्यगृहाच्या आसनांखाली स्वरात लावलेली काशाची पात्रे ठेवण्याची रीत सांगितली आहे. ज्या नगरांना काशाचा खर्च परवडत नसे तेथे मातीचे रांजण वापरीत, असेही तो नमूद करतो. त्या पात्रांचा खरोखर किती उपयोग होत असे याविषयी पुढच्या विद्वानांनी बऱ्याच शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. तथापि पोकळ भांडे स्वर ओळखते, इतके ज्ञान त्या काळी होते खास.

या ज्ञानाला गणिताचे रूप दिले ते हर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वरसंवेदनांवरील ग्रंथात त्याने पोकळ गोलांचा उपयोग वर्णिला. गोलाला एका बाजूस तोंड, दुसऱ्या बाजूस कानात बसेल असे टोक. गोल ज्या स्वराचा, तोच स्वर गुंजून उठे, बाकीचे विरून जात. अशा गोलांच्या साहाय्याने त्याने संमिश्र नादातील एकेक घटक वेचून काढला. मानेतील हवा हे वजन आणि पोटातील हवा ही कमान, असे मानले की सारा उलगडा होतो. कमानीवर टांगलेले वजन जसे ठराविक गतीने वरखाली होते, तसा मानेतील हवेचा गोळा आतबाहेर हलतो. पोट मोठे असेल तर कमान सैल आणि स्वर खाली. मान लांब असेल तर वजन अधिक, तेव्हाही स्वर खाली. तोंड रुंद असेल तर स्वर वर. त्यानंतर काही वर्षांतच लॉर्ड रॅले याने दाखवून दिले की हलणारी हवा मानेच्या टोकाशी थांबत नाही, थोडी बाहेर डोकावते, म्हणून हिशेबात मानेची लांबी प्रत्यक्षाहून काहीशी अधिक धरावी लागते. दहा लिटर पाणी मावणारी, बारा सेंटीमीटर तोंडाची आणि चार सेंटीमीटर मानेची घागर या हिशेबाने सेकंदाला सुमारे १६० कंपनांचा स्वर देते. घागर फुंकणाऱ्यांच्या अनुभवाशी हे जुळते.

भारतात १९२० च्या सुमारास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी मृदंग-तबल्यावर आणि नंतर तंबोरा-वीणेवर संशोधन केले. परंतु त्यांचे लक्ष मुख्यतः पुडीवरील शाई आणि घोडीवरील तारेचा स्पर्श यांकडे होते. पोटातील हवेचा संसार त्यांनी फारसा उलगडला नाही. तो प्रश्न निकडीचा झाला तो अमेरिकेत, आणि त्याला कारण झाले यंत्रातून निघणारे बोलणे.

१९२५ पर्यंत यंत्राचा आवाज मोठा करण्याचे साधन म्हणजे कर्णा. कर्ण्याला खर्ज बोलवत नाही, याचे कारण सरळ आहे. सेकंदाला ४० कंपनांच्या स्वराची लहर साडेआठ मीटरांहून लांब असते. ती नीट सोडण्यासाठी कर्ण्याचे तोंड पावणेतीन मीटर रुंद हवे. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांतही खालचे स्वर जवळजवळ उतरतच नसत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या मुद्रिका आणि १९३० नंतरच्या मुद्रिका पाठोपाठ ऐकल्या तर विजेच्या ध्वनिमुद्रणाने काय दिले हे कोणाच्याही ध्यानी येईल.

१९२५ मध्येच राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी कागदी शंकूचा, चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. आजचा प्रत्येक ध्वनिक्षेपक त्याचाच वंशज होय. पण त्यात एक उणीव जन्मजातच होती. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. वरच्या स्वरांत याने बिघडत नाही. खर्जाची लांब लहर मात्र शंकूला सहज वळसा घालून मागच्या लहरीस गाठते, आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीशी भोकांचा पुठ्ठा असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या देखण्या लाकडी पेट्यांचा खर्ज अर्धा का वाया जाई, हे येथे कळेल.

मागची लहर कोंडून ठेवणे हा एक उपाय. पण कोंडलेली लहर म्हणजे अर्धी मेहनत फुकट. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास याने विचार केला तो असा: मागची लहर मारून न टाकता तिला उलटी करून पुढे आणता आली तर? १५ ऑगस्ट १९३० रोजी त्याने पेटंटासाठी अर्ज केला आणि २६ जुलै १९३२ रोजी ते त्यास मिळाले. (प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट त्याच १९३२ सालचा, नादाच्या इतिहासात ते वर्ष दोन्ही गोलार्धांत फलदायी ठरले.) थुरासने बंद पेटीला भोक पाडून आत नळी बसवली, म्हणजेच पेटीची घागर केली. पेटीचा जो स्वाभाविक स्वर, त्याच्या वरच्या बाजूस नळीतील हवा शंकूच्या पुढच्या हवेबरोबर पाऊल टाकते आणि दोन्ही लहरी एकमेकींस पूरक होतात. नेमक्या त्या स्वरावर तर एक नवल घडते: शंकू जवळजवळ स्तब्ध राहतो आणि सारा आवाज नळीतील हवाच करते. त्या स्वराच्या खाली मात्र दोन्ही लहरी पुन्हा विरुद्ध होतात, शंकूच्या पाठीचा आधार सुटतो आणि तो बेफाम हेलकावे खाऊ लागतो. नळीच्या पेटीतील ध्वनिक्षेपक फाटतात ते बहुधा येथेच.

थुरासने मार्ग दाखवला, मोजमाप दिले नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षे पेट्या अंदाजानेच बांधल्या गेल्या. कोणी भोक मोठे ठेवी, कोणी नळी आखूड करी; आणि पुष्कळ पेट्या एकाच स्वरावर इतक्या गुरगुरत की गाणे कोणतेही असो, त्यात खर्ज एकच. या प्रकाराला कंटाळून एडगर व्हिलचर याने १९५४ मध्ये भोकच बुजवले. लहान, पूर्ण बंद पेटी आणि आतल्या हवेचीच कमान, ही त्याची युक्ती इतकी यशस्वी झाली की नळीच्या पेटीचे दिवस संपले असे काही काळ वाटले. संगीताच्या दृष्टीने ती पेटी खरोखर प्रामाणिक होती, तंबोऱ्याच्या कुळातली. तिला शक्ती मात्र फार लागे.

नळीच्या पेटीचा उद्धार झाला तो ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील या अभियंत्याने १९६१ साली तेथील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. नळीच्या पेटीतील ध्वनिक्षेपक हा विद्युत्-गाळणीसारखाच वागतो. तेव्हा गाळण्यांचे जे गणित आधीच तयार आहे ते जसेच्या तसे पेटीला लावावे, हा त्याचा गाभा. त्यासोबत २८ जुळण्यांचे कोष्टकही त्याने दिले. दुसऱ्याच वर्षी थील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नभोवाणीच्या सेवेत गेले. निबंध मात्र दहा वर्षे जवळजवळ अज्ञात राहिला. अमेरिकेतून सिडनीस आलेले रिचर्ड स्मॉल यांनी तो उचलून धरला, स्वतः त्यात मोलाची भर घातली, आणि १९७१ मध्ये अमेरिकेतील ध्वनी-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात त्याचे पुनर्मुद्रण झाले. स्मॉल यांचे स्वतःचे लेख १९७२-७३ मध्ये आले. तेव्हापासून ध्वनिक्षेपकाच्या गुणदोषांची तीन मुख्य आकड्यांत नोंद होऊ लागली: त्याची स्वाभाविक कंपनसंख्या, त्याच्या कमानीइतकी लवचीक हवा किती लिटर, आणि त्याची थरथर किती लवकर शमते याचे माप. हे तिसरे माप ०.३८ च्या आसपास असले तर ध्वनिक्षेपक नळीच्या पेटीस उत्तम. त्याहून बरेच अधिक असले तर त्याला बंद पेटीत ठेवावे हे बरे.

मोटारीत रेडिओ आला तो बराच आधी, १९३० मध्ये, पॉल गॅल्व्हिनच्या ‘मोटोरोला’ यंत्राने. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि यथावकाश मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीतही गाणे वाजू लागले. पण मोटार ही खर्जाची वैरीण आहे आणि मैत्रीणही. चाकांची व इंजिनाची घरघर नेमकी खालच्या स्वरांवरच बसते, म्हणून ते आधी बुडतात. उलट, मोटारीचा बंद कक्ष अडीच मीटर लांबीचा धरला तर सुमारे ७० कंपनांखाली लहर त्यात मावतच नाही. हवा एकजिनसी दाबली-सैलावली जाते आणि खर्ज आपोआप चढतो. घरात मोठ्या पेटीलाही जे साधत नाही ते मोटारीत मध्यम पेटी सहज करते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या तयार पेटीसाठी सर्वांनीच इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. जबलपूर जिल्ह्यातील मझौली, जे गाव विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरामुळे ओळखले जाते, त्यासारख्या ठिकाणीही हाताशी नेटका सुतार आणि जवळ वरचे तीन आकडे असले की पेटी उभी राहते. समजा, ध्वनिक्षेपकाला ५० लिटर हवा हवी आणि पेटीचा स्वर ३५ कंपनांवर लावायचा आहे. दहा सेंटीमीटर व्यासाची नळी घेतली तर हेल्महोल्ट्झच्या सूत्राने लांबी ३८ सेंटीमीटर येते. रॅलेची दुरुस्ती सुमारे ७ सेंटीमीटर वजा केली की प्रत्यक्षात ३१ सेंटीमीटर कापावी. पाच सेंटीमीटरची नळी घेतली तर अवघी सहा सेंटीमीटर पुरते. हा मोह मोठा आहे, आणि येथेच नवशिका फसतो. तेवढीच हवा चौपट वेगाने त्या अरुंद नळीतून धावते आणि खर्जाऐवजी फुसफुस ऐकू येते. नळीतील वाऱ्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या विसाव्या हिश्श्याच्या आत, म्हणजे सेकंदाला १७ मीटरांच्या आत राहावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. नळी तीन लिटर जागा खाते, ध्वनिक्षेपकाचा देह आणखी तीन. म्हणून पेटी आतून ६० बाय ३५ बाय २७ सेंटीमीटर धरावी, म्हणजे साडेछप्पन लिटरांहून किंचित अधिक भरते. अठरा मिलिमीटर जाडीची दाबलेली फळी, सांध्यांत सरस, आतून आडवा दांडा, नळीचे आतले तोंड फळीपासून निदान दहा सेंटीमीटर दूर. सांध्यातून कोठेही वारा सुटता कामा नये. फुटक्या घागरीला हुंकार नसतो. आणि पाचशे वॉटचा ध्वनिवर्धक बारा व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे ४५ अँपिअर ओढतो, हे विसरल्यास प्रत्येक ठेक्याला गाडीचे दिवे मिचकावतात.

इथपर्यंत ही कारागिरीची कथा झाली. पण ही पेटी मोटारीबाहेर ऐकू येते, आणि पाठीमागे पेट्यांची भिंत रचलेली मालमोटार मिरवणुकीत निघाली की प्रश्न निराळा होतो. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ ठरवला. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाचा सविस्तर परामर्श घेतला. नियम योग्यच आहेत. परंतु ज्या मापाने ते मोजले जातात त्या मापातच एक भोक आहे, आणि त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे.

थुरासच्याच प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की मानवी कान खालच्या स्वरांस मंद आहे. अगदी क्षीण आवाजाच्या बाबतीत ४० कंपनांचा स्वर जेमतेम ऐकू येण्यास १,००० कंपनांच्या स्वराहून सुमारे ५० डेसिबेल, म्हणजे शक्तीच्या भाषेत लाखपट, जोर लागतो. या संशोधनावरून मोजणीची जी ‘अ’ पट्टी ठरली ती खालचे स्वर हलके करून मोजते. ५० कंपनांवर तब्बल ३० डेसिबेलांची सूट देते. ही सूट मंद आवाजांपुरती ठीक होती. आवाज मोठा झाला की कानाची खर्जाविषयीची मंदता बरीच कमी होते, पट्टी मात्र तीच राहते. परिणामी ५० कंपनांचा ८५ डेसिबेलांचा गडगडाट कायद्याच्या यंत्रावर ५५ दिसतो आणि दिवसाच्या मर्यादेत बसतो. शिवाय भिंतींचा अडथळाही या स्वरांस सर्वांत कमी. कंपनसंख्या निम्मी झाली की साध्या भिंतीचा रोध सुमारे सहा डेसिबेलांनी घटतो. म्हणून मिरवणूक चार गल्ल्या पलीकडे असली तरी शब्द ऐकू येत नाहीत, सूर ऐकू येत नाहीत, केवळ ठोका पोचतो आणि खिडकीची तावदाने थरथरतात. त्या घरातील आजाऱ्याची किंवा तान्ह्या मुलाची तक्रार यंत्राच्या आकड्यात उतरत नाही, याचा अर्थ ती खोटी आहे असा नव्हे. खालच्या स्वरांना एवढी सूट न देणारी ‘क’ पट्टी उपलब्ध आहे आणि चांगल्या मापकांवर ती आधीपासूनच असते. नियमांनी मात्र तिला अद्याप जवळ केलेले नाही.

पेटी बांधणाऱ्यांपैकी जे जाणकार आहेत ते नळीसाठी दाट फोमचा एक गोल बोळा कापून गाडीतच ठेवतात. वस्तीत शिरताना तो नळीत कोंबला की नळीची पेटी जवळजवळ बंद पेटीसारखी होते, ३५ कंपनांवरचा हुंकार ओसरतो आणि गाणे गाडीपुरते बरेचसे शाबूत राहते. पुन्हा मोकळ्या रस्त्याला लागल्यावर तो काढून घेण्यास हात पुढे करण्याइतकाच वेळ लागतो. घुमट वाजवणारा तळव्याने करतो तेच हे काम.